वर्दीवरचा डाग

नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगली शहर पोलीस ठाण्याच्या कोठडीत एका तरुण संशयिताचा मारहाणीत मृत्यू झाल्याचे तपासात निष्पन्न झाले. मृतदेह आंबोलीला नेऊन जाळण्यात आला आणि तो पळून गेल्याचा बनाव खुद्द रक्षकांनीच रचला.

‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ हे ब्रीद मिरवणाऱ्या दलातील मूठभरांचे हे कृत्य. त्याच दलाचे शिपाई २०१९ च्या महापुरात कृष्णाकाठी अहोरात्र राबले, हेही सांगली विसरलेली नाही. उपनिरीक्षकासह सहकाऱ्यांना बेड्या पडल्या, तपास राज्य गुन्हे अन्वेषण विभागाकडे गेला. पण तेवढ्याने ‘सगळेच तसे नसतात’ म्हणून हात झटकता येत नाहीत. मारहाणीइतकाच तो बनावही घातक होता. सामान्य माणूस फिर्याद नोंदवतो, तो ठाण्यातील नोंदवहीवर भरवसा ठेवून. तीच खोटे बोलू लागली तर त्याने जावे कोठे?

आजच्या सांगलीतील वाळवा, तासगाव हे तालुके एकेकाळी सातारा जिल्ह्यातच होते. १९४३ पासून तेथे क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने गावोगावी न्यायनिवाडे केले. परक्या फौजदारावर लोकांचा विश्वासच उरला नव्हता. आज फौजदार आपला आहे, ही सबब नव्हे; जबाबदारी आहे.

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही बसवण्याचा, चित्रण किमान वर्षभर जपण्याचा आणि जिल्हावार देखरेख समित्या नेमण्याचा आदेश दिला. सातारा व सांगलीच्या समित्यांनी किती ठाण्यांतील कॅमेरे प्रत्यक्ष चालू आहेत, याचा हिशेब जनतेपुढे मांडावा.