अग्निवीराच्या आईबापांचा हक्क

हैदराबाद कंटिंजंटची छावणी 1903 पर्यंत हिंगोलीत होती. ती उठली, तरी सैन्याची ओढ या मातीतून गेलेली नाही. सेनगाव, कळमनुरीच्या वाटांवर आजही पहाटेच्या अंधारात तरुण भरतीसाठी धावत असतात. कोरडवाहू शेतकऱ्यांच्या या मुलांना शिपाई व्हावयाचे, तर 2022 पासून अग्निपथ योजनेच्या चार वर्षांच्या सेवेतूनच जावे लागते. मुलगा परत आला नाही तर आमचे काय, हा त्यांच्या आईबापांचा प्रश्न आहे.

कर्तव्य बजावताना अग्निवीराला मरण आले, तर त्याच्या वारसांना 48 लाखांचा विमा, 44 लाखांचे सानुग्रह अनुदान, सेवानिधी आणि उरलेल्या मुदतीचे वेतन मिळते. कुटुंब निवृत्तिवेतन मात्र मिळत नाही. त्याच चौकीवर, त्याच क्षणी पडलेल्या नियमित जवानाच्या कुटुंबाला ते मिळते. शत्रूची गोळी कोणाचे नेमणूकपत्र वाचून येत नाही. मग सरकारनेच ते वाचून हक्क का ठरवावा?

एकरकमी मदत मोठी आहे, हा युक्तिवाद आम्हांस मान्य आहे. पण तो पुरा नाही. अग्निवीर भरतीच्या वेळी अविवाहित असावा लागतो आणि सेवाकाळात त्याला विवाहाची मुभा नाही. म्हणजे त्याचे वारस बहुधा उतारवयाकडे झुकलेले आईबापच. सावकाराचे देणे, मुलीचे लग्न, भाऊबंदांची मागणी यांत मोठी रक्कमही पाहता पाहता सरते. दरमहा येणारे निवृत्तिवेतन मात्र म्हातारपणी कोणापुढे हात पसरू देत नाही. नियमित जवान अविवाहित असता, तर त्याच्यावर अवलंबून असणाऱ्या आईबापांना ते मिळालेच असते.

ही मागणी भावनेच्या भरातील नव्हे. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने 2024 मध्ये हीच शिफारस केली. मे 2025 मध्ये सीमेवर धारातीर्थी पडलेल्या एका अग्निवीराच्या मातेला त्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. पुत्र गमावलेल्या मातेस वादी व्हावे लागणे, हे कोणत्याही सरकारास भूषणावह नाही.

चार वर्षे पूर्ण करून सुखरूप परतणाऱ्यास निवृत्तिवेतन द्यावे की नाही, हा वेगळा प्रश्न आहे. त्यावर मतभेद असू शकतात. परंतु ज्याने प्राण दिला, त्याची सेवा मुदतीची राहिली नाही. ती पूर्ण झाली. त्याच्या आईबापांना नियमित जवानाच्या आईबापांइतकाच हक्क केंद्र सरकारने द्यावा, आणि तो त्यांना न मागता मिळावा.