२९ गोल सगळ्यांना माहीत, शून्य कोणाचं?

मागच्या शनिवारी अकोल्याच्या बॅचमध्ये एक प्रश्न टाकला. आपल्या विदर्भात जन्मलेला, ऑलिम्पिकची तीन सुवर्णपदकं जिंकलेला खेळाडू कोण? चाळीस जण बसले होते, एकही हात वर आला नाही.

रिचर्ड ॲलन. जन्म १९०२, नागपूर. हॉकीचे गोलकीपर. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये भारताने पाच सामन्यांत २९ गोल केले. त्यातले १४ ध्यानचंदांचे, ते आपण अजून सांगतो. पण समोरच्या टीम्सनी भारतावर किती केले? एकही नाही. त्या शून्यापाशी ॲलन उभे होते. पुढे १९३२ ला लॉस एंजेलिस, १९३६ ला बर्लिन. तीन ऑलिम्पिक मिळून त्यांच्यावर गोल झाले फक्त दोन.

आता बघा, आपण सगळे ध्यानचंद व्हायला निघालोत. नवीन ऑफर, नवीन ब्रँच, रील, सेल. बॅचमध्ये पहिला प्रश्न हमखास असतो, "सर, सेल कसा वाढवू?" उधारी कशी रोखू, हे दोन वर्षांत मला तिघांनी विचारलं असेल. माझं स्पष्ट मत आहे की छोटं दुकान गोल कमी पडले म्हणून कमी वेळा बंद पडतं, गोलपोस्ट उघडी राहिली म्हणून जास्त वेळा. हिशोब करा ना. सगळा खर्च जाऊन हातात ८ टक्के उरत असतील, तर बुडालेले १००० रुपये भरून काढायला १२,५०० चा माल विकावा लागतो. उंदराने कुरतडलेली पोती, एक्सपायरी झालेली बिस्किटं, "उद्या देतो" वाले, सगळं त्यातच आलं.

ॲलन यांचा एक किस्सा सांगतात. १९३२ ला अमेरिकेवर भारताने २४-१ असा विजय मिळवला. तो एक गोल झाला तेव्हा म्हणे ॲलन गोलपोस्टच्या मागे प्रेक्षकांना सह्या देत होते! २४ गोल झाले म्हणून तो किस्सा गमतीचा झाला. आपण दुकानदार वर्षभर २-१ ने जिंकणारी माणसं. तेही दिवाळी चांगली गेली तर.

मीही सह्या देत होतो. चॅनल वाढलं तसा आठवड्यातले तीन दिवस अकोल्यात, लोक सेल्फी घ्यायचे, बरं वाटायचं. अमरावतीचं दुकान पोराच्या भरवशावर. एका रविवारी बायकोने वही समोर ठेवली. उधारी १ लाख ३८ हजार. पोराला विचारलं, इतका माल दिला काऊन? तो म्हणे, "भाऊ, सगळे तं तुमचंच नाव सांगत होते." त्याला काय बोलणार? नियम मीच लावला नव्हता.

तेव्हापासून कोणालाही, अगदी साळ्यालाही, २००० च्या वर उधार नाही. रोज रात्री वहीचा फोटो मला येतो, मी कुठेही असो. काही गिऱ्हाईक तुटले, खोटं नाही सांगत. आठ महिन्यांत १ लाख १२ हजार वसूल झाले. उरलेल्यांपैकी दोघं अजून फोन उचलत नाहीत, त्यातला एक माझे व्हिडिओ मात्र रोज लाईक करतो.