आधी फरशी, मग भिंत

दिवाळीच्या तोंडावर घरोघरी रंगकाम निघतं, म्हणून हा अंक फरशी आणि भिंत या जोडीला दिला आहे. दुकानात शेडकार्ड चाळण्याआधी पायाखाली बघा, असा आमचा आग्रह आहे. भिंत चार-पाच वर्षांनी पुन्हा रंगवता येते. फरशी उखडायची तर बिऱ्हाडच हलवावं लागतं. तेव्हा जुळवून घ्यायचं ते भिंतीने.

शहाबादी फरशीचंच पाहा. तिची निळसर करडी छटा पांढऱ्याशुभ्र भिंतीशेजारी आणखी थंड वाटते. तिथे किंचित पिवळसर झाक असलेला पांढरा लावला की खोलीत ऊब येते. हिरवट कोटा फरशीला फिकट पिवळा शोभतो. गुलाबी तिच्याशेजारी बहुधा मळकट दिसतो. मुंबईच्या भारत टाइल्सने १९२२ पासून घडवलेल्या नक्षीदार सिमेंट टाइल्ससारखी फरशी घरात असेल, तर भाग्यच म्हणायचं. अशा खोलीत भिंत एकरंगीच ठेवा, नक्षीतलाच सर्वांत फिका रंग उचला.

नमुना मात्र भिंतीच्या मधोमध लावू नका. फरशीला लागून, स्कर्टिंगच्या वर दोन फुटी चौकोन रंगवा. सकाळी बघा, दुपारी बघा आणि रात्री घरातलाच दिवा लावून बघा, कारण पिवळसर उजेडात निळ्याचा करडा होतो. एक दिवस वाया गेला तरी चालेल. काम संपल्यावर थोडा रंग घट्ट झाकणाच्या डब्यात राखून ठेवा आणि झाकणावर शेडचा क्रमांक लिहा.