शेतकरी बाजारात तीन दर लिहा

मा. कार्यकारी संचालक,
महाराष्ट्र राज्य कृषि पणन मंडळ, पुणे



नाहूरला भाजी घ्यायची तर आमच्यापुढे बरेच पर्याय आहेत. स्टेशनबाहेर पाट्या मांडून बसलेले विक्रेते आहेत, भांडुप-मुलुंडची मोठी वातानुकूलित दुकाने आहेत, आणि आता मोबाइलवरून काही मिनिटांत पिशवी दारात येते. यात शेतकऱ्यांच्या आठवडी बाजाराची भर पडावी, यासाठी शासनाने २०१६ साली फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला आणि मंडळाने संत शिरोमणी सावता माळींच्या नावाने अभियान सुरू केले. त्या अभियानाबद्दल मला मनापासून आदर आहे. म्हणूनच त्यात राहिलेल्या एका उणिवेबद्दल लिहिते आहे.

शेतकरी बाजार म्हणजे स्वस्त बाजार, एवढीच त्याची ओळख शहरात झाली आहे. मग गिऱ्हाईक येते, दर विचारते, "दुकानात कांदा याहून कमी आहे" म्हणते आणि निघून जाते. दुकानात कांदा-बटाटा कमी असतो, हे अनेकदा खरे असते. गिऱ्हाईक आत यावे म्हणून या दोन जिनसांवर दुकान नफा सोडते आणि भेंडी, गवार, फरसबीवर तो भरून काढते. पालेभाजीची तुलना तर करताच येत नाही. पाटीवर मेथी जुडीने मिळते आणि जुडीला ठरावीक वजन नसते. दुकानात तीच निवडलेली मेथी ग्रॅमवर, प्लास्टिकमध्ये बांधलेली असते. मोबाइलवर पाव किलोचा दर दिसतो, त्यात पोहोचवण्याचा खर्च शेवटी मिळवला जातो. घर चालवणाऱ्या बाईने या तीन मापांचा हिशेब उभ्या उभ्या कसा करायचा?

आणि तो हिशेब जमला, तरी खरा आकडा त्यात दिसत नाहीच. रिझर्व्ह बँकेच्या संशोधकांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार, ग्राहक टोमॅटोसाठी जो रुपया मोजतो त्यातले साधारण ३३ पैसे शेतकऱ्याला मिळतात. कांद्यात ३६, बटाट्यात ३७. उरलेले वाहतूक, हमाली, अडत, नासाडी आणि मधल्या हातांचा नफा यांत जातात. ते सारेच काही लुबाडणे नाही. नारायणगावचा टोमॅटो क्रेटमध्ये भरून, माळशेज घाट उतरून नाहूरला आणायला डिझेल लागते, माणसे लागतात. शेतकरी स्वतः घेऊन आला तर हा खर्च आणि शेतातला बुडालेला दिवस त्याच्याच अंगावर पडतो. त्याने घाऊक दराने विकावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

२०२३ चा पावसाळा आठवा. जुलैत मुंबईत टोमॅटो किलोला दीडशे रुपयांच्या वर गेला आणि घराघरांत संताप झाला. सप्टेंबरात पुणे-नाशिक भागात शेतकऱ्याला किलोमागे जेमतेम चार-पाच रुपये पडू लागले, तेव्हा त्याने माल रस्त्याकडेला ओतला. त्या दुसऱ्या वेळी शहरात कोणी ओरडले नाही, कारण आमच्या पिशवीवर शेतकऱ्याचा दर कुठे लिहिलेलाच नसतो.

म्हणून माझी मागणी अशी. आपल्या प्रत्येक आठवडी बाजाराच्या तोंडाशी एक फलक लावा आणि त्यावर रोजच्या दहा-बारा भाज्यांचे तीन दर लिहा: वाशीच्या बाजार समितीतला सर्वांत ताजा घाऊक दर, परिसरातला किरकोळ दर आणि या बाजारातला दर. तिन्ही किलोवर. वाशीचे किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर आपण रोज जाहीर करताच, पण ते क्विंटलमध्ये आणि संकेतस्थळावर असतात, आमच्यापर्यंत पोहोचत नाहीत. तमिळनाडूत १९९९ पासून चालणाऱ्या ‘उळवर संदै’ या शेतकरी बाजारांत दर घाऊकपेक्षा वर आणि किरकोळपेक्षा खाली ठरवून फलकावर लिहितात. शेतकऱ्याला ओळखपत्र आणि वजनकाटाही देतात. ओळखपत्राची गरज इथेही आहे. वाशीहूनच माल उचलून शेतकरी म्हणून बसणारा व्यापारी शेजारी असला, तर खऱ्या शेतकऱ्याचा दर पडतो आणि गिऱ्हाईकाचा विश्वासही उडतो.

असा फलक असला, तर वांगी दुकानापेक्षा दोन रुपये महाग दिसली तरी मी ती घेईन, आणि माझ्यासारखे पुष्कळजण घेतील. ते दोन रुपये कोणाला जातात, हे आम्हाला कळेल.

असा बाजार नाहूरमध्येही भरावा. इथे जागेची अडचण आहे, हे मान्य. पण गृहसंकुलांची आवारे, शाळांची रविवारी रिकामी असणारी मैदाने आहेत. मंडळाने महापालिकेच्या विभाग कार्यालयाला आणि संकुलांना लेखी विचारले, तर रविवार सकाळची जागा मिळू शकते. दर बाजाराला फलक लिहिण्याचे काम आमच्या भागातल्या महिला बचत गटांकडे द्यावे. पुढच्या हंगामाआधी याचे लेखी उत्तर मिळावे, ही विनंती.

आपली,
नाहूरची एक रहिवासी