स्क्रीन अडकली आणि एन्टर चार वेळा दाबलं गेलं, तर हिशेब कोण देणार?

मार्चअखेर जवळ आली की कोल्हापूर जिल्ह्यातल्या विकास सेवा सोसायट्यांमध्ये पीककर्जाच्या वसुलीची धांदल सुरू होते. पूर्वी सगळी मदार किर्द-खतावणीवर असायची. आता हिशेब संगणकावर येतो आहे. प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये मंजुरी दिली. तेव्हा देशभरातल्या ६३ हजार संस्थांसाठी २,५१६ कोटी रुपयांचा खर्च ठरला होता.

यात एक साधा प्रश्न आहे. पैसे भरून घेताना स्क्रीन अडकली आणि सचिवांनी पुन्हा एन्टर दाबलं, तर नोंद एक होईल की दोन?

ब्रिटनमध्ये काय झालं होतं?

२०१५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डालमेलिंग्टनच्या टपाल शाखेत ८,००० पौंडांची रोकड नोंदवताना ‘होरायझन’ या सॉफ्टवेअरची स्क्रीन अडकली. एन्टर पुन्हा पुन्हा दाबल्यामुळे तीच रक्कम चार वेळा नोंदली गेली आणि २४,००० पौंडांची तूट दिसू लागली.

तिथे सॉफ्टवेअरची चूक लक्षात आली. पण १९९९ पासूनच्या काळात अशा तुटींवरून चोरी आणि अफरातफरीच्या खटल्यांमध्ये ९०० हून अधिक जण दोषी ठरले होते. काहींना तुरुंगवासही झाला. शेवटी २०२४ मध्ये संसदेला कायदा करून शेकडो शिक्षा रद्द कराव्या लागल्या.

अशी चूक आधी कशी पकडतात?

त्यासाठी स्वयंचलित चाचणी असते. यात माणसाऐवजी दुसरा प्रोग्राम सॉफ्टवेअर वापरून पाहतो. तो ‘जमा’ बटण शोधतो, रक्कम भरतो, एन्टर दाबतो आणि खात्यावरची शिल्लक बरोबर आहे का ते तपासतो. विंडोजवर यासाठी ‘यूआय ऑटोमेशन’ ही सोय वापरतात. दृष्टिहीनांना स्क्रीन वाचून दाखवणारे प्रोग्रामही तीच वापरतात.

सॉफ्टवेअरमध्ये बदल झाला की अशा शेकडो चाचण्या रातोरात पुन्हा चालवता येतात. माणूस तेच काम शंभराव्या वेळी करताना कंटाळतो, प्रोग्राम कंटाळत नाही.

मग चूक होणारच नाही?

तसं नाही. जे तपासायला सांगितलं, तेवढंच चाचणी तपासते. ‘एन्टर चार वेळा दाबून बघ’ असं कुणी लिहिलंच नसेल, तर सगळ्या चाचण्या पास होऊनही चूक तशीच राहते. मध्येच वीज गेली, इंटरनेट तुटलं, एकाच नावाचे दोन सभासद निघाले, असे प्रसंग काउंटरवर बसणाऱ्यालाच ठाऊक असतात. म्हणून चाचण्यांची यादी करताना सचिवांना विचारणं गरजेचं आहे.

किर्दीतली खाडाखोड डोळ्यांना दिसते, संगणकातली दुबार नोंद मात्र खऱ्या नोंदीसारखीच दिसते. त्यामुळे सॉफ्टवेअर स्वीकारताना संचालक मंडळाने दोन गोष्टी विचारायला हव्यात: कोणकोणत्या चाचण्या झाल्या आणि तूट दिसली तर सचिवांआधी सॉफ्टवेअर तपासलं जाणार का?