दाखल होण्याआधीचा आजार

धनत्रयोदशीला धन्वंतरीचं पूजन होतं. २०२४ साली याच मुहूर्तावर, २९ ऑक्टोबरला, सत्तरी गाठलेल्या सगळ्यांसाठी ‘आयुष्मान भारत’ योजना खुली झाली. महाराष्ट्रात तर २०१२ पासून राजीव गांधी जीवनदायी योजना आहे. तीच पुढे महात्मा फुले जन आरोग्य योजना झाली. या योजनांमुळे कित्येक घरांची जमीन सावकाराकडे जायची वाचली, हे आम्ही मनापासून मान्य करतो.

पण या योजनांचं कार्ड चालतं ते मुख्यतः रुग्ण दाखल झाल्यावर. डायलिसिस त्यात बसतं. मूत्रपिंड टिकवणारी बीपीची रोजची गोळी बसत नाही. त्या गोळीसाठी गरिबाला सरकारी दवाखान्याचाच आधार. तिथले उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याने मोफत केले, केसपेपरलाही पैसे पडत नाहीत. तरी खुरपणीला जाणाऱ्या बाईचा, तिथे जायचं म्हटलं, की दिवसाचा रोजगार बुडतो. रांगेत उभं राहून खिडकीशी पोचल्यावर ‘शुगरच्या गोळ्या संपल्यात, पुढच्या आठवड्यात या’ असं ऐकलं, की ती पुन्हा कशाला येईल? दुखत तर काहीच नसतं. गोळी सुटते. मग कधीतरी पायात काटा मोडतो, पाय बधिर झालेला म्हणून कळत नाही, जखम चिघळते, बोट काळं पडतं. मोठ्या रुग्णालयात योजनेचा आरोग्यमित्र तिचं रेशनकार्ड बघतो, मंजुरी येते आणि पाय कापला जातो. त्या शस्त्रक्रियेचे पैसे सरकार भरतं.

हे आम्हाला सहन होत नाही. आजार गावातच थोपवता येतो. जामखेडला १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावातल्याच बायकांना, त्यातल्या अनेक निरक्षर, आरोग्याचं काम शिकवून उभं केलं. वाट आपल्याच मातीतली आहे, जुनी आहे.

म्हणून या योजनांच्या विम्याची रक्कम वाढवताना सरकारने आधी एवढं करावं: कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपी-शुगरच्या गोळ्या एक दिवसही संपू देऊ नयेत. एका खेपेला दोन महिन्यांच्या द्याव्यात. पुढच्या गोळ्या आशाताईंनी घरपोच द्याव्यात आणि त्या कामाचा वेगळा मोबदला त्यांना वेळेवर मिळावा. आणि आठवड्यातली एक ओपीडी बाजाराच्या दिवशी संध्याकाळी ठेवावी. त्या दिवशी मजूर तसेही गावात असतात.