चाचणी पास झाली. पण मोड कोणता होता?

खोताच्या वाडीतून काही मिनिटे चालले की गिरगाव मेट्रो स्थानक लागते. ऑक्टोबर २०२५मध्ये मेट्रो-३ कफ परेडपर्यंत सुरू झाली, तेव्हा हे स्थानक खुले झाले. या मार्गिकेच्या गाड्या चालकाविना धावू शकतील अशा बनवलेल्या आहेत. सेवा मात्र चालकासह सुरू झाली. गाडी तीच, रूळ तेच, मोड वेगळा. डब्यात उभ्या प्रवाशाला फरक कळत नाही.

सॉफ्टवेअरच्या चाचणीचेही असेच होते. समजा, तिकिटाचे ॲप नेटवर्कशिवाय चालायला हवे. स्वयंचलित चाचणी सेटिंगमध्ये 'ऑफलाइन' लिहिते, तिकीट उघडते, हिरवी खूण मिळते. प्रत्यक्षात सेटिंगच्या नावात एक अक्षर चुकलेले असते. ॲप ती ओळ गुपचूप सोडून देते आणि ऑफिसच्या वाय-फायवरून तिकीट आणते. खरे काय ते प्रवासी जमिनीखाली उतरल्यावर कळते.

सेटिंग ही फक्त विनंती. ती मान्य झाल्याचा पुरावा नव्हे. चाचणीने आधी चालू ॲपलाच मोड विचारावा, त्या वेळात सर्व्हरशी एकदाही संपर्क झाला नाही ना हे तपासावे, आणि जुळले नाही तर तिथेच नापास करावे. आपोआप दुसऱ्या मोडवर जाणे ही प्रवाशासाठी सोय. चाचणीत मात्र ती लपवाछपवी. हे काम जेमतेम दोन-चार ओळींचे, तरी डेडलाइनच्या घाईत नेमके तेच राहते. बैठकीत मात्र हिरव्या खुणा मोजून दाखवल्या जातात. त्या मोजण्याआधी व्यवस्थापनाने अहवालात मोडचा रकाना मागायला हवा.